केसभर ढिलं

काटामामाचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यालाही काही वाटत नव्हतं. तराजूचा काटा जसा बरोबर मधोमध येऊन थांबतो तसा याचा हात मापावर थांबतो, असं कधीकाळी कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. लेथवर, म्हणजे लोखंड गोल फिरवत कातायच्या यंत्रावर, टूल आत घेताना तो ओठांतल्या ओठांत चाकाचे फेरे मोजायचा, डायलच्या रेघेवर चाक थांबवायचा, आणि मग मायक्रोमीटर लावून खात्री करणाऱ्या माणसाकडे मिशीतल्या मिशीत हसत बघायचा. माप चुकलंय असं क्वचितच व्हायचं. जे चुकायचं ते तो कुणाला दिसू द्यायचा नाही.

लेथ होतं बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये. शेड दाजींची. दाजी गिऱ्हाईक आणायचे, मामा काम काढायचा, असं दोघांचं अर्धं आयुष्य गेलं. दाजी गेले तेव्हा शेडला कुलूप लागणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण भाचीनं ते लागू दिलं नाही. बापाचा एप्रन दोनदा दुमडून कमरेला बांधला आणि उभी राहिली. या पोरीला घरात आणि शेडमध्ये सगळे छकू म्हणत. उलट्या डब्यावर उभी राहून ती मामाचं काम बघत मोठी झालेली. टूलला धार कशी लावायची, लोखंडाचा तापलेला कीस हातानं का ओढायचा नाही, हे तिला मामानंच शिकवलं होतं. ती "ए मामा" म्हणून हाक मारायची, तो "काय गं माकडे" म्हणून ओ द्यायचा. मालकीण ती आणि कामगार तो, हे दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

एक दिवस छकूनं एक लांबट खोकं आणून बाकड्यावर ठेवलं. आतून निघाल्या दोन पट्ट्या, काळ्या केबली आणि एक डब्बा. डब्याला काचेची खिडकी.

"हे काय? रेडिओ?" मामानं विचारलं.

"डीआरओ. मामा, ही पट्टी लेथच्या पाठीला बसवायची, हे पट्टी वाचणारं डोकं टूलच्या स्लाइडला. टूल जितकं सरकेल तितका आकडा इथं लागतो. फेरे मोजायला नकोत, डायल बघायला नको."

"आणि डोकं?"

"डोकं काय?"

"आपलं. ते पण काढून ठेवायचं का खोक्यात?"

छकू खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.

बसवायचं काम तिनं स्वतःच्या हातानं केलं. मामानं हात लावला नाही, पण जागचा हललाही नाही. स्टुलावर बसून टोमणे मारत राहिला. म्हातारीला काजळ कशाला, म्हणाला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, म्हणाला. छकूनं भोकांच्या खुणा आखल्या, पुन्हा आखल्या. लेथच्या ओतीव बीडाच्या अंगात ड्रिल उतरलं तशी काळी भुकटी तिच्या मनगटापर्यंत चढली. पट्टी स्लाइडच्या चालीला समांतर आहे की नाही हे बघायला तिनं डायल गेज लावून स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. काटा जरा हलला की स्क्रू सैल कर, पातळ पत्रा घाल, पुन्हा आवळ. मामाला कबूल करावंसं वाटलं नाही, पण मनातल्या मनात तो म्हणाला, कामाची रीत बरोबर आहे हिची. ही रीत माझीच.

डब्याच्या खिडकीत लाल आकडे उजळले तेव्हा छकूनं टाळी वाजवली. "ए मामा, पहिला कट तू घे."

"मला डोळे आहेत अजून," मामा म्हणाला.

हे खोटं होतं. गेल्या कित्येक महिन्यांपासून डायलच्या रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. खिशात तो एक भिंग ठेवायचा आणि कुणी नाही असं बघून काढायचा. आणि ते आकडे असे ठसठशीत होते, की शेडच्या दारातूनही वाचता आले असते. तेच त्याला सहन होईना.

त्याच संध्याकाळी चहाच्या वेळी बहीण म्हणाली, "बरं झालं बाई. आता तुझ्या पाठीला आराम. लेथचं छकू बघेल. तू आपलं बाकड्यावर बसून बारीकसारीक काय ते करत जा."

"हो मामा, खरंच," छकू म्हणाली.

दोघींच्या बोलण्यात मायेशिवाय काही नव्हतं. पण मामाला तो चहा गिळवेना. उभा जन्म ज्या यंत्रापुढं काढला त्याच्यापासून कुणीतरी अगदी हळुवारपणे, कोपराला धरून, त्याला बाजूला करत होतं.

नंतर बेकरीवाल्याचं काम आलं. पीठ मळायच्या त्याच्या मोठ्या यंत्राचा शाफ्ट झिजला होता, नवा करून हवा होता. शाफ्टच्या दोन्ही टोकांना बेअरिंग दाबून बसवायचं. माप जरासं चुकलं तरी उपयोग नाही. छकू म्हणाली, "हे मी करते." दिवसभर तिनं काम केलं आणि चांगलं केलं. दुपारी जेवणानंतर एका टोकाची जागा तेवढी राहिली होती, आणि ती बेअरिंगं आणायला दुकानात गेली.

शेडमध्ये मामा एकटा उरला. लेथ थांबलेलं, डब्यातले आकडे आपले शांतपणे उजळत होते. मामा उठला, लेथच्या मागं गेला. पट्टीवरचं डोकं ज्या ब्रॅकेटनं स्लाइडला धरलेलं होतं त्याचे दोन स्क्रू त्यानं ॲलन कीनं सैल केले. फार नाही. हातानं हलवलं तर कळणार नाही, पण कट घेताना लेथ थरथरलं की ब्रॅकेट केसभर सरकेल आणि आकडा चुकेल, इतकंच. या कामात त्याचा हात कधी चुकला नव्हता, तेव्हाही चुकला नाही.

मनात त्यानं जे रचलं होतं ते साधं होतं. एक जॉब बिघडेल, पोरगी चिडेल, म्हणेल, मामा, तुझंच खरं, हाताची सर यंत्राला नाही. मग हा डब्बा जाईल माळ्यावर. बस्स. यात कुणाचं वाईट होतं, असं त्याला त्या वेळी खरोखरच वाटलं नाही.

छकू आली. तिच्याबरोबर बेकरीवालाही आला; शाफ्ट आजच घेऊन जायचा म्हणून दारात उभा राहिला. छकूनं मायक्रोमीटर लावून माप घेतलं, आकडा डब्यात भरला, शेवटचा कट लावला. कीस सुरेख निघत होता. खिडकीत हवा तो आकडा आला, तिनं टूल मागं घेतलं, लेथ थांबवलं, टोक फडक्यानं पुसलं आणि बेअरिंग लावून बघितलं.

जे दाबानं बसायला हवं ते बांगडीसारखं सुळकन आत गेलं.

छकूनं ते काढलं आणि पुन्हा घातलं. पुन्हा सुळकन. मग मायक्रोमीटर लावून माप वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मामानं ते बघितलं आणि नजर खाली घेतली.

"काय झालं?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"माप कमी झालं," ती म्हणाली. "माझ्याकडून कमी झालं. माफ करा. नवीन करावा लागेल."

"अहो, तिकडं पोरं हातानं पीठ मळतायत!"

"चला, बाहेर बोलू," म्हणत ती त्याला अंगणात घेऊन गेली. बेकरीवाल्याचा आवाज चढलेला ऐकू येत होता. छकूचा येतच नव्हता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आता ही आत येईल, पहिल्यांदा ब्रॅकेटच बघेल, स्क्रू ढिले सापडतील, आणि शेडमध्ये मागं कोण होतं हे तिला कळायला कितीसा वेळ लागणार! मामा झटकन लेथच्या मागं गेला आणि दोन्ही स्क्रू होते तसे आवळून टाकले. पहिली गोष्ट त्यानं रागात केली होती. ही दुसरी भीतीनं केली, आणि हीच जास्त महागात पडली.

कारण छकूला काही सापडलं नाही. सापडायला काही ठेवलंच नव्हतं.

तिनं सगळं तपासलं. डायल गेज लावून आकड्यांशी ताडून बघितलं, बरोबर. मायक्रोमीटर शेजारच्या वर्कशॉपमधून आणलेल्या दुसऱ्या मायक्रोमीटरशी ताडला, बरोबर. दुसऱ्या दिवशी लेथच्या पाठीमागं शिरून तिनं एकेक स्क्रू चाचपला. तिथं अंधार असायचा, म्हणून मामाला म्हणाली, "ए मामा, जरा बॅटरी धर ना." मामानं धरली. तिचा हात नेमका त्या ब्रॅकेटवर गेला, तिनं दोन्ही स्क्रूंना ॲलन की लावून बघितली, आणि मान हलवली. "घट्ट आहेत. सगळं घट्ट आहे."

"मामा, तूच सांग, कुठं चुकलं असेल?"

हीच ती वेळ होती. पण मामा भलतंच बोलून गेला. "यंत्र ते यंत्र. हाताचं काम हाताचंच असतं, पोरी."

"यंत्र बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली. "मीच चुकले. आकडा मीच चुकीचा भरला असणार. आणि शेवटच्या कटात मध्ये थांबून पुन्हा मोजायला हवं होतं, तेही केलं नाही. मला वाटतं, माझं लक्षच राहत नाही."

यानंतरचे चार दिवस मामाला चारशे वाटले. तसलंच पोलाद मागवलं होतं, ते येईपर्यंत छकू लेथकडे फिरकली नाही. किरकोळ जॉब आले तेही तिनं मामापुढं सरकवले. एकदा साधी वॉशर करायची होती तर तिनं तीनतीनदा मोजली, आणि तरी हातात धरून विचारलं, "हे बघतोस का जरा?" ज्या पोरीनं बापाच्या माघारी, नातेवाईक नको म्हणत असताना, शेडचं कुलूप काढलं होतं, ती आता वॉशरला घाबरत होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. ही म्हण मामानं कितीतरी लोकांना उद्देशून वापरली होती. आता ती त्याच्या कानात बसली आणि निघेना.

त्यात बहिणीनं कडी केली. मामा हात धूत असताना ती मोरीशी आली आणि हळूच म्हणाली, "झालं ते बरंच झालं म्हणायचं. तिच्या डोक्यातलं खूळ तरी उतरलं. तू आहेस म्हणून आम्ही आहोत रे बाबा." आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मामानं साबण पुन्हा घेतला. हात स्वच्छ झाले होते, तरी तो चोळत राहिला. वर बघायची हिंमत नव्हती.

पोलाद आलं. शाफ्ट मामानं केला, जुन्या रीतीनं, फेरे मोजत. दोनदा मोजणी हुकली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी माप आलं. बेअरिंग दाबावर बसलं, बेकरीवाला खूश झाला. "काटा तो काटाच!" म्हणून त्यानं मामाचा हात हातात घेऊन हलवला आणि छकूकडे बघून म्हणाला, "शिका जरा यांच्याकडून." छकू म्हणाली, "हो." ती खरंच मनापासून म्हणाली, आणि मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेकरीवाला गेल्यावर छकूनं पाना उचलला आणि लेथच्या मागं जाऊन डीआरओची केबल सोडवायला लागली.

"काय करतेस?"

"काढून टाकते. वापरणार कोण? तुला नको, आणि मला झेपत नाही."

म्हणजे जे मनात रचलं होतं ते अगदी तसंच घडत होतं. डब्बा माळ्यावर चालला होता. मामा उभा राहिला.

"छकू, ते काढू नकोस."

"का?"

"तुझं काही चुकलं नव्हतं."

"मामा, उगाच समजूत नको काढूस. मी लहान आहे का?"

"मी ढिले केले होते स्क्रू," मामा म्हणाला. "ब्रॅकेटचे. दोन्ही."

तिला कळलंच नाही. ती अर्धवट हसली. "कसले ढिले? मी बघितले ना. घट्ट होते."

"परत आवळले. तू त्यांच्याशी बाहेर बोलत होतीस तेव्हा. ढिले केले ते तू बेअरिंग आणायला गेली होतीस तेव्हा."

छकूनं पाना खाली ठेवला. अगदी आवाज न करता ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, आणि मग तिथं राग येईल म्हणून मामा वाट बघत राहिला. राग आला असता तर बरं झालं असतं.

"आणि मी शोधत होते," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही बॅटरी धरून उभे होता."

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा. मामाला वाटलं कुणीतरी लांबून, रस्त्याच्या पलीकडून आपल्याशी बोलतंय.

"हो," तो म्हणाला.

आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. डोळ्यांचं सांगता आलं असतं, भिंगाचं, त्या दिवशीच्या चहाचं. पण ते सगळं सबबीसारखं वाटलं, आणि सबब सांगायचं तोंड आता आपल्याला राहिलेलं नाही हे त्याला कळत होतं. छकू एप्रन न काढताच घरात गेली. मामानं कीस झाडला, लेथ पुसलं, आणि मागच्या दारानं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये जायच्या ऐवजी बेकरीत गेला. आतून भट्टीची ऊब येत होती आणि नवा शाफ्ट घातलेलं यंत्र घरघरत फिरत होतं. बेकरीवाल्यानं खुर्ची पुढं केली. मामा बसला नाही. कामगारांसमोरच त्यानं सांगून टाकलं, की पहिला शाफ्ट भाचीनं बिघडवला नव्हता, तो त्यानं मुद्दाम बिघडवला होता.

बेकरीवाला मोठ्यानं हसला. "वा! भाचीवरचा ठपका पुसायला मामा स्वतःवर घेतोय! अहो, असा मामा मिळायला भाग्य लागतं."

ही शिक्षा मामाच्या ध्यानीमनी नव्हती. खरं बोललं तर त्याचंही पुण्य त्याच्याच नावावर जमा होत होतं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला वाटलं, राहू दे असंच. सांगायचं ते सांगून झालं. आणि असं वाटल्याबरोबर त्याला स्वतःची किळस आली.

"नाही," तो म्हणाला. "ऐका." आणि मग त्यानं सगळं सांगितलं: स्क्रू कुठले, किती सैल केले, तुम्ही अंगणात ओरडत होता तेव्हा परत कसे आवळले. तो सांगत गेला तसं बेकरीवाल्याचं हसू विरत गेलं. पिठात हात घातलेला एक कामगार थांबला. त्याच्या मनगटाला अजून पट्टी होती.

"हातानं मळलंय यांनी रोज," बेकरीवाला म्हणाला. "तुमच्या हौसेपायी."

"हो."

"आणि मी त्या पोरीला काय काय बोललो!"

"म्हणूनच आलो."

बेकरीवाल्यानं खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली. "जा तुम्ही," तो म्हणाला. "तिच्याशी मी बोलेन. आणि यापुढं माझं काम तीच करेल. तुम्ही हात लावायचा नाही."

मामा शेडमध्ये पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. दार उघडं होतं. छकू लेथवर होती. खिडकीत लाल आकडे सरकत होते. तिनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"बाकड्यावर पाइपाचे तुकडे ठेवलेत," ती म्हणाली. "कडा घासायच्या आहेत. वेळ असेल तर बघा."

मामा बाकड्यावर बसला आणि कडा घासायला लागला. बहिणीनं चहा आणून ठेवला. तिला काहीच ठाऊक नसावं. नेहमीसारखी बोलत होती, पाठ कशी आहे विचारत होती. छकूनं तिला सांगितलं नव्हतं. हे उपकार होते की सांगण्याच्या लायकीचंच तिला वाटलं नव्हतं, ते मामाला ठरवता येईना.

जेवणाच्या सुट्टीत छकू घरात गेली तेव्हा तो उठला. लेथला हात लावला नाही. नुसता पलीकडच्या बाजूला जाऊन, हात पाठीशी बांधून, वाकून बघत राहिला. डीआरओच्या एकेका स्क्रूवरून लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढलेली होती, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी ब्रॅकेटवर. स्क्रू जरासा फिरला तरी रेघ तुटेल आणि लगेच कळेल.

"थरथरीनं ढिले होतात कधी कधी," मागून छकूचा आवाज आला. ती दारात उभी होती. "लक्षात यायला बरं."

"बरोबर आहे," मामा म्हणाला. "करायलाच हवं." त्यानं खाली बोट दाखवलं. "तो एक राहिलाय. पत्र्याच्या आड. वरून दिसत नाही."

छकू वाकली. खरंच राहिला होता. मामानं नकळत हात पुढं केला. छकूनं त्या हाताकडे बघितलं. मग खिशातून बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि गुडघे टेकून, मान वाकडी करून, ती रेघ स्वतःच ओढली. रंग वाळावा म्हणून दोनदा फुंकर घातली आणि उठली.

मामा बाकड्यावर परत गेला. पाइपाचे पुष्कळ तुकडे घासायचे राहिले होते.